दस्तरखान : टांगलेलं दही, पिळलेली काकडी

गेल्या वर्षीची बकरी ईद ७ जूनला होती. मृग लागायच्या तोंडावरचे दिवस, हवेत पावसाचा वास नाही आणि स्वयंपाकघरात उभं राहवत नाही असा उकाडा. पुरुष मंडळी ईदगाहवर गेली तेव्हाच मी मोठा गंजभर रायतं करून ठेवलं. किसलेली काकडी, बारीक कांदा, दही, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून सांबार. (विदर्भाबाहेरच्या भगिनींसाठी : आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीबरोबरच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही.) फ्रीज वाट्याच्या गोश्तच्या पिशव्यांनी भरायचा होता, म्हणून गंजावर झाकण ठेवून तो ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला. कुर्बानी, वाटे, शेजारपाजारी पोहोचवणं, आल्यागेल्याचं शीरखुर्मा-चहा, यात जेवायला दोन वाजले.

झाकण काढलं तर वर हिरवट पाणी तरंगतंय आणि खाली दह्याच्या गाठी. आपण सगळ्याच अशा वेळी जे करतो तेच मी केलं. पाणी निथळून टाकलं, वाटीभर ताजं दही घातलं, डाव फिरवला आणि भांडं दस्तरखानावर नेलं. बिर्याणीबरोबर सगळं संपलं. रात्री नणंदेच्या चार वर्षांच्या नातवाला उलट्या सुरू झाल्या, पहाटे जुलाब. सकाळी त्याला दवाखान्यात सलाईन लावलं. घरातल्या आणखी तिघांची पोटं बिघडली होती, पण मोठ्यांचं निभावलं. लेकराचे डोळे खोल गेले होते. तिसऱ्या दिवशी तो अल्लाहच्या कृपेने खेळायला लागला, पण त्या दोन रात्री मी जागून काढल्या आणि नणंद मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हटलं, कलेजी, कोरमा, बिर्याणी. मला वाटलं आता ते "ईदला जास्तच होतं" म्हणून हसतील. त्यांनी उलट विचारलं, "शिजलेलं राहू द्या. कच्चं काय होतं?" कच्चं म्हणजे रायतं. "काकडी कुठे चिरली?" मी गप्प झाले. सकाळी ज्या पाटावर कलेजी कापली, तोच पाट पाण्याखाली धरून त्याच्यावर काकडी सोलली होती. सुरीही तीच. ते म्हणाले, खात्रीने काही सांगता येत नाही, पण कच्च्या मांसाचं पाणी काकडीला लागलं आणि ती काकडी उन्हाळ्यात सहा तास ओट्यावर राहिली, तर आणखी कारण शोधायची गरज नाही. मटण चुलीवर उकळतं, त्यातले जंतू मरतात. रायतं कुणी उकळत नाही.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण असं, की यंदा बकरी ईद चांद दिसेल त्याप्रमाणे २७ किंवा २८ मेला येते आहे. २५ मेपासून नवतपा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भगिनींना नवतप्याचे नऊ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. पारा ४५-४६ वर जातो, पाण्याच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. अशा दिवसांत घरोघरी गोश्त असेल, आणि त्याच्या जोडीला काहीतरी थंड हवंच असेल.

तोड सापडली ती भाचीच्या डबीत. ती पुण्याला नोकरीला आहे. हिवाळ्यात आली तेव्हा एक लहानशी प्लॅस्टिकची डबी घेऊन आली. आत पांढरं, घट्ट, हिरवे ठिपके असलेलं काहीतरी. वर नाव लिहिलेलं, त्झात्झिकी. "मामी, हे ग्रीसचं आहे, कबाबाबरोबर खातात." मी बोटावर घेऊन चाखलं. दही, काकडी, लसूण. भाचीला म्हटलं, ही तर आपली दही की चटणीच आहे गं, फक्त सुकलेली. ती हसली, पण मी डबी उलटी करून बघितली आणि मला नवल वाटलं. डबी चार दिवस तिच्या फ्रीजमध्ये होती, तिथून बर्फाच्या पिशवीत रेल्वेने आली, तरी वर पाण्याचा थेंब नव्हता. माझ्या रायत्याला सहा तासांत तळं झालं होतं.

डबीची किंमत विचारली तर तेवढ्यात आमच्याकडे दोन लिटर म्हशीचं दूध आलं असतं. तेव्हाच ठरवलं की हे घरी जमलं पाहिजे. थंडी सरेपर्यंत चारपाच वेळा केलं, दोनदा बिघडलं, आता जमतं.

नावाचं थोडं सांगते, कारण ग्रीसचं म्हटलं की आपल्याला ते फार लांबचं वाटतं. ग्रीस काही शतकं उस्मानी सल्तनतीत होता. तुर्कस्तानात दही-काकडी-लसणाच्या या प्रकाराला 'जाजिक' म्हणतात, त्याचंच ग्रीक जिभेवर 'त्झात्झिकी' झालं. तुर्कांचं जाजिक पातळ असतं, उन्हाळ्यात त्यात बर्फाचे खडे टाकून वाटीने पितात. ग्रीकांनी दही गाळून ते घट्ट केलं. इराणात हेच 'मास्त-ओ-खियार', म्हणजे दही आणि काकडी. त्यात वाळलेला पुदिना, मनुका, अक्रोड आणि कधी गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्याही पडतात. खियार हा शब्द आपल्या जुन्या माणसांना परका नाही. युनानी हकीम उन्हाळ्यात ठंडाईसाठी 'तुख्म-ए-खियारैन' लिहून देत, ते काकडीच्याच दोन जातींचं बी. आणि 'योगर्ट' हा शब्दसुद्धा इंग्रजांचा नाही. तो तुर्की आहे, घट्ट होणं-करणं अशा अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. महमूद काशगरी यांनी ११ व्या शतकात बगदादमध्ये तुर्की भाषेचा जो अरबी शब्दकोश लिहिला, त्यात तो आहे. म्हणजे डबीवर ज्याला 'ग्रीक योगर्ट' म्हणतात त्याचा योगर्ट तुर्कांचा, आणि दही गाळायची रीत सगळ्या अरब मुलुखाची. आखातात नोकरी करून आलेल्यांना लबनेह माहीत असतंच. तेही टांगून गाळलेलं दहीच.

आमच्या राजुऱ्यापुरतं म्हणाल तर हा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत तो तिथून निघाला, काही काळ नांदेड जिल्ह्यात राहिला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. कागद बदलले, स्वयंपाकघर इतक्या लवकर बदलत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूरला जे रायतं, ते आमच्या घरात आजही हैदराबादसारखं 'दही की चटणी'. मराठी शेजारणीकडे तीच काकडी कोचवून, दाण्याचं कूट घालून, फोडणी देऊन खमंग काकडी होते. आणि टांगलेल्या दह्याचा चक्का तर महाराष्ट्राला शिकवायला नको, दर पाडव्याला श्रीखंडासाठी तो घरोघरी टांगतात. दही टांगायचं आपल्याला येतं, काकडी पिळायचीही येते. दोन्ही एकाच भांड्यात आणायचं तेवढं राहिलं होतं.

विकतची डबी घेणारच असाल तर दोन गोष्टी बघा. स्वस्त, घट्ट दिसणाऱ्या दह्यात कधी कधी जिलेटिन घालतात, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ, आणि ते जनावर कोणतं हे डबी सांगत नाही. भारतात बनलेल्या डबीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन असायला नको. पण परदेशातून आलेल्या डबीवर ठिपका नसेल, तर तिथे घटकांची यादी वाचावी लागते. दुसरं, ग्रीक पाककृतीत पुष्कळदा द्राक्षांच्या दारूपासून केलेला सिरका असतो. सिरका स्वतः आपल्याकडे पसंतीचाच, सहीह मुस्लिममध्ये त्याची तारीफ आली आहे. मात्र दारूचा मुद्दाम सिरका केला तर त्याचं काय, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत आणि तो निवाडा करणं माझं काम नाही. मी लिंबू पिळते. चवीत काही उणं पडत नाही.

आता दह्याकडे. बारा माणसांसाठी दोन लिटर म्हशीचं दूध घ्या, साय न काढता. उकळी आल्यावर लगेच उतरवू नका, मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत ठेवा. जास्त वेळ तापल्याने दुधातली काही प्रथिनं उलगडतात आणि दही लागताना एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दही घट्ट येतं. पहिल्यांदा मी ही दहा मिनिटं वाचवली, तर दही कापडातून पाण्यासारखं गेलं. मग दूध निवू द्या. पुस्तकात लिहितात, बोट बुडवून दहा मोजता येईल इतकं कोमट, ४२-४५ अंश. आमच्याकडे मे महिन्यात दूध त्याखाली जातच नाही, खोलीच तेवढी तापलेली असते. दोन चमचे ताजं, गोड विरजण पुरे. हिवाळ्यात जे दही लागायला रात्र जाते ते नवतप्यात तीन-चार तासांत लागतं आणि सहाव्या तासाला आंबट होतं. म्हणून झोपताना विरजून सकाळी बघायची सवय या दिवसांत सोडा. असरनंतर विरजा, इशाच्या आधी दही लागलेलं असेल, लगेच फ्रीजमध्ये ठेवा. एकदा थंड झालं की मगच कापडात घाला.

कापड मलमलचं, आधी उकळून वाळवलेलं. जुनी ओढणी चालते, पण साबणाचा वास राहिलेली नको. दही ओता, चार कोपरे बांधा, गाठोडं चाळणीत ठेवा, चाळणी खोल गंजावर आणि सगळं फ्रीजमध्ये. वर एक ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला की काम लवकर होतं. सहा ते आठ तास. माझ्या सासूबाई गाठोडं खिडकीच्या गजाला टांगायच्या आणि दही छान व्हायचं, पण ते दिवस जानेवारीचे असायचे. मी एकदा हुशारी करून कूलरसमोर टांगलं. वाऱ्याने कापड गार पडतं हे खरं, कोरड्या हवेत ओलं फडकं माठासारखंच काम करतं. पण कूलरच्या टाकीतलं पाणी किती दिवसांचं असतं ते आपल्याला माहीत आहे, आणि त्याचे तुषार दह्यावर येतात. ते दही मी टाकून दिलं. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी नवतप्यात हा प्रकार करू नये असं माझं मत आहे. त्यांनी ताजं दही आणून जेवायच्या पाच मिनिटं आधी साधी कोशिंबीर करावी, ती जास्त सुरक्षित.

दोन लिटरांचं आठशे-नऊशे ग्रॅम चक्का निघतो. खाली गंजात लिटरभर पिवळट हिरवं पाणी जमतं. ते फेकायचं नाही. त्यात दुधातली साखर, चुना आणि थोडी प्रथिनं असतात. त्याने पोळीची कणीक मळा, पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. डाळीत चिंचेऐवजी घाला. बोटी किंवा सीना रात्री त्यात मुरवून ठेवला तर शिजायला नरम येतो, त्यातही फ्रीजमध्येच. परदेशात ग्रीक दह्याच्या कारखान्यांपुढे हे पाणी मोठी अडचण होऊन बसलं आहे. एक किलो दह्यासाठी तीन-चार किलो दूध लागतं, उरलेलं आंबट पाणी नदीनाल्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून ते शेतात किंवा गुरांच्या खाद्यात जिरवावं लागतं. आपल्याकडे ते एका गंजाचं काम आहे. इस्राफ टाळायला एवढी सोपी जागा क्वचित मिळते.

काकडी. माझ्या मते सगळा पदार्थ इथे जिंकतो किंवा हरतो. काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणी असतं, आणि मीठ लागताच ते बाहेर यायला लागतं. गेल्या वर्षीचं माझं तळं हेच होतं. दही बिघडलं नव्हतं, काकडी आपलं पाणी सोडत होती आणि दही पातळ करत होती. मग ते पाणी आधीच का काढून घेऊ नये? कोवळ्या, सडपातळ, बी न भरलेल्या तीन मध्यम काकड्या, साधारण सहाशे ग्रॅम. आठवडी बाजारात नदीकाठच्या वाडीतली काकडी येते ती चांगली, पण उन्हाने होरपळलेल्या वेलाची काकडी कडू निघते. देठाकडचा तुकडा कापून चाखून बघा. टोक कापून घासण्याने किंचित कडवटपणा जात असेल, पण जिभेला खरोखर कडू लागली तर ती काकडी सरळ फेकून द्या. तो कडूपणा वेलाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेला असतो आणि जास्त पोटात गेला तर उलट्या होतात. मीठ-साखर घालून तो झाकण्याची हौस नको.

साल राहू द्या, हिरवा रंग छान दिसतो. बी जाड असेल तर चमच्याने खरवडून काढा. जाड किसणीवर किसा, सपाट चमचाभर मीठ चोळा, चाळणीत अर्धा तास ठेवा. मग मुठीत, नाहीतर कापडात घेऊन पिळा. पुन्हा पिळा. मी म्हणेन तिसऱ्यांदाही पिळा, मनगट दुखेपर्यंत. भाचीने पहिल्या वेळी नाजूकपणे एकदा पिळली होती आणि संध्याकाळी परत तळं झालं. सहाशे ग्रॅमची काकडी पिळून निम्म्याच्या आसपास राहिली पाहिजे. निघालेलं खारट पाणी ताकात घाला, पुदिना टाका, नवतप्यात त्याच्याइतकं चांगलं पेय नाही.

काकडी पैगंबरांच्या (स.) आवडीची होती हे आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. ते ताज्या खजुराबरोबर काकडी खात, हे अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी सांगितलेलं बुखारी आणि मुस्लिम दोन्ही ग्रंथांत आहे. एकाचा उष्ण गुण, दुसऱ्याचा थंड. अस्सल उन्हाळी जेवण.

लसणावर थोडं थांबते. ग्रीक पाककृतीत तो कच्चा असतो आणि दह्यात जितका वेळ राहील तितका उग्र होत जातो. खाऊन उठल्यावर तासन् तास वास जात नाही. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये ही हदीस प्रसिद्ध आहे. ईदच्या दिवशी आपण जोहरनंतर जेवायला वाढतो आणि मग घरातले पुरुष असरला जमातीसाठी जातात. वाढणारीने याचा विचार करायला नको का? सहीह मुस्लिममध्येच हजरत उमर (रजि.) यांचं सांगणं आहे की खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास मारावा. मी तेच करते. आठ-दहा पाकळ्या सालीसकट तव्यावर झाकून भाजते, साल काळी पडेपर्यंत. आतला गर लोण्यासारखा होतो, थोडी गोडीही येते. भाची म्हणते ग्रीक माणूस याला नावं ठेवेल. ठेवू दे. आमच्या नवऱ्याला आता हीच चव आवडते आणि मला तर कच्च्यापेक्षा बरी वाटते.

तेल त्यांचं जैतुनाचं. घरात असेल तर दोन मोठे चमचे घाला. नसेल तर आणायची गरज नाही. विदर्भात जवसाचं तेल कच्चं खायची जुनी रीत आहे, पण दह्यात ते मला कडवट लागलं. घाण्याचं तिळाचं तेल चांगलं जमलं. शेंगदाण्याच्या तेलाने काही बिघडत नाही, पण काही मिळवूनही देत नाही. हिरव्या पानांत त्यांच्याकडे शेपू किंवा पुदिना. शेपूला आपल्याकडे मुलं नाक मुरडतात, तरी इथे मूठभरच, अगदी बारीक चिरून घालून बघा. शिजवलेल्या शेपूचा जो वास त्यांना नको असतो तो कच्च्याला तसा नसतो. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, नाहीतर पिळलेल्या काकडीची मेहनत पाण्यात.

मग मिसळणं. चक्का फेटायचा नाही, चमच्याने फक्त मोडायचा, फार फेटला की सैल होतो. भाजलेला लसूण चिमूटभर मिठाबरोबर चेचून, एका लिंबाचा रस, तेल, काळी मिरी, शेपू आणि शेवटी काकडी. मीठ चाखूनच घाला, काकडीत आधीच आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते, आणि ईदला नेमकं हेच हवं. दोन दिवसांच्या पलीकडे ठेवू नका.

माझा यंदाचा बेत असा आहे. ईदच्या दोन दिवस आधी असरनंतर दही विरजायचं. अरफाच्या दिवशी सकाळी टांगायचं, रोजा असेल त्यामुळे चव घ्यायला घरातल्या लहान मुलीला बोलवायचं. संध्याकाळी काकडी पिळून मिसळायची आणि डबा बंद. स्वयंपाकघरात कच्च्या गोश्तचा थेंब येण्याआधी काकडीचा पाट, किसणी, सुरी धुऊन वरच्या फळीवर गेलेली असेल. कुर्बानीच्या दिवशी मग तिला कुणी हात लावायचा नाही. गोश्तसाठी वेगळा पाट आणलाय, त्यावर लाल रंगाची रेघ मारली आहे म्हणजे धाकट्या जावेलाही विचारावं लागणार नाही.

फ्रीजची गंमत मला उशिरा कळली. ताज्या कुर्बानीचं गोश्त गरम असतं. आठ-दहा किलो पिशव्या एकदम कोंबल्या की फ्रीज तासन् तास गार होत नाही, आतलं दूध-दहीही कोमट पडतं. त्यात लाईट गेली तर विचारूच नका. म्हणून सकाळी पिशव्या येण्याआधीच डबा बाहेर काढून थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवायचा, खोकं चादरीने झाकून खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. बर्फ आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ईदला दुकानात मिळत नाही. जेवताना परातीत बर्फ पसरून त्यात वाडगा ठेवायचा, आणि थोडं थोडं वाढायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे की हवा ३२ अंशांच्या वर असेल तर असे पदार्थ बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवू नयेत. त्यांचे ३२ म्हणजे आमची पहाट. मी अर्धा तास धरते, त्यानंतर उरलेलं टाकून देते. तिथे इस्राफचा विचार करत नाही, कारण म्हणून मुळात थोडंच वाढते.

कशाशी खायचं? सीख कबाब आणि शामीबरोबर उत्तम. तव्यावर परतलेल्या कलेजीबरोबर त्याहून चांगलं, कलेजीचा जडपणा कापला जातो. ज्वारीच्या गरम भाकरीवर पसरून वर लाल तिखट भुरभुरलं तर मुलं गोश्त विसरतात. बिर्याणीबरोबर मात्र मला आमची पातळ दही की चटणीच लागते, भाताला ओलावा हवा. तेवढ्यासाठी वाटीभर हेच घट्ट घेऊन थंड पाण्याने सैल करते, वर हिरवी मिरची आणि पुदिना. बारीक चिरलेला कांदा ज्याचा त्याने आपल्या ताटात घ्यावा.

एवढं करूनही कुणाचं पोट बिघडलंच तर पहिल्या जुलाबापासून पाणी सुरू करा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, घोटघोट. लहान मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, तर घरचे उपाय सोडून दवाखाना गाठा. आम्ही सकाळपर्यंत थांबलो होतो.

नणंदेला गेल्या आठवड्यात फोन केला. ईदला या म्हटलं, नातवाला घेऊन. ती म्हणाली, येते, पण रायतं नको करू. मी म्हटलं, रायतं नाही करत, दुसरंच काहीतरी आहे, आदल्या दिवशी ये आणि काकडी तू पिळ.